मिस्टरचं गवत

ग्रीसमधल्या कावालाच्या दफनभूमीत संध्याकाळी बायकाच येतात. अंगावर काळं, हातात दिव्याचं तेल, धूप, संगमरवर पुसायला फडकं. पुरुष पुरायच्या दिवशी येतात, चाळिसाव्या दिवशी येतात, वर्ष झालं की टोपी हातात धरून मागे उभे राहतात. नंतर एकदम स्वतःच्या पाळीला. रोज येणारा पुरुष त्या टेकडीवर एकच होता, आणि तो इंग्रज होता.

त्याला सगळे मिस्टर म्हणत. क्लिफर्ड ऑर्मरॉड हे नाव सगळ्या गावात दोनच माणसांना नीट उच्चारता यायचं. त्यातला एक तो स्वतः. दुसरी मातीखाली होती.

"मिस्टर, आज काय हिरवंगार दिसतंय तुमचं मैदान!" नळावर डबा धरून उभी असलेली गारिफालिया म्हणाली. तिचा नवरा पलीकडच्या ओळीत होता. "आमच्या ह्यांच्या नशिबी नुसती खडी. स्वप्नात येऊन भांडतील माझ्याशी."

"बी देऊ का?"

"नको हो! जिवंत असताना कुंडीला कधी तांब्याभर पाणी घातलं नाही त्यांनी, आता कशाला डोक्यावर गवत."

बाकीच्या बायका हसल्या. त्या भिंतीलगतच्या दगडी ओट्यावर ओळीनं बसायच्या, दिवा लावून झाला तरी बसायच्या. कोणाच्या सुनेचं, कोणाच्या गुडघ्याचं बोलायच्या. मिस्टर आपल्या बायकोच्या थडग्यापाशी उकिडवा बसलेला असे. बाकी थडग्यांना संगमरवराची चौकट आणि आत पांढरी खडी होती. एवांथियाच्या अंगावर नुसती माती होती आणि मातीवर गवत. दाट, आखूड, मेंढ्यांची लोकर कापायच्या कात्रीनं कापलेलं. सकाळी पाणी, संध्याकाळी पाणी. उन्हाळ्यात दुपारीसुद्धा.

त्या संध्याकाळी पोलिक्सेनी वर आली. एवांथियाची थोरली बहीण. चढण चढून तिला धाप लागली होती, पण बोलायला तिला धाप कधीच आड येत नसे.

"तीन वर्षं भरत आली. देवळातल्या पापा-अनेस्तिसशी बोलले मी. सप्टेंबरात काढू तिला."

मिस्टरनं कात्री खाली ठेवली.

त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. टेकडी एवढीशी, मरणारे पुष्कळ. मेलेल्या माणसाला तीन वर्षांची जागा मिळते. मग घरची माणसं माती उकरतात, हाडं वर घेतात, द्राक्षाच्या दारूनं धुतात, पेटीत भरतात, आणि पेटी देवळामागच्या खोलीत फळीवर जाते. सासूच्या वेळी तो स्वतः तिथे उभा होता, पेटी त्यानंच उचलली होती. पण सासू वेगळी.

"ठेवता नाही येणार?" त्यानं विचारलं.

"कुठे ठेवणार? टेकडी काय तुमच्या राणीची आहे?"

"आमच्याकडे माणसाला उठवत नाहीत, पोलिक्सेनी. निजवलं की निजवलं."

"म्हणून तर तुम्ही सगळे घर सोडून पळता," ती म्हणाली. मग जरा मऊ झाली. "अरे, तिला तरी कोंडून किती दिवस ठेवायचं? मोकळी होऊ दे. हाडं स्वच्छ निघाली, पिवळी, मेणासारखी, म्हणजे देवानं घेतलं पदरात. तशीच निघेल. माझ्या बहिणीनं कोणाचं वाकडं केलं नाही."

ओट्यावरच्या बायकांनी माना हलवल्या. ज्यांचं आधीचं एखादं माणूस स्वच्छ निघालं होतं त्या जोरात; ज्यांचं पहिलंच निघायचं होतं त्या हळू.

मिस्टर घरी गेला, पण मन तिथेच अडकून राहिलं. पोलिक्सेनीला बहीण स्वच्छ निघालेली हवी होती. त्याला ती निघायलाच नको होती.

तो लँकेशायरच्या एका गिरणगावात जन्मला, जिथे पाऊस पडतो असं कोणी म्हणत नाही कारण तो थांबतच नाही. बाप सूतगिरणीत. पोरगा फुटबॉलमध्ये डाव्या बाजूचा हाफबॅक, पाय चांगले, वेग बेताचा. लहानशा क्लबात नाव लागलं आणि युद्ध आलं. युद्धानं त्याला शेवटी ग्रीसला आणून टाकलं. कावालाच्या निर्वासित वस्तीतल्या ‘थिएला’ क्लबाशी लष्कराच्या संघाचा सामना झाला. मैदान म्हणजे खडकाळ माळ होता. अर्धपोटी पोरं अनवाणी खेळली आणि जिंकली. सामन्यानंतर त्यांच्या गोलकीपरनं, स्ट्राटोसनं, मिस्टरच्या फुटलेल्या गुडघ्यावर तंबाखूची पानं बांधली.

युद्ध संपल्यावर तो परत गेला. तिसऱ्या विभागात एक हंगाम खेळला, गुडघा बोलू लागला, दुसऱ्या हंगामात कोणी बोलावलं नाही. मग माल्टा. मग सायप्रसमध्ये फामागुस्ता. जिथे इंग्रज म्हटल्यावर चेंडू कळतो असं लोकांना वाटतं तिथे तो जात राहिला. प्रत्येक गावात एक खोली, खिडकीत वाळत घातलेले मोजे, संध्याकाळी एकट्यानं खाल्लेलं मटण. प्रत्येक गावात तो मिस्टर. मग स्ट्राटोसनं निरोप धाडला: आम्हाला खेळाडूही हवा आणि शिकवणाराही, दोन्ही परवडत नाहीत, तर तू ये.

एवांथिया तंबाखूच्या वखारीत पानं निवडायची. बोटं तपकिरी, केसांना तोच वास. क्लबाचे सदरे ती आणि पोलिक्सेनी शिवून द्यायच्या. सदरा घेताना त्यानं ग्रीकमध्ये आभार मानले ते इतके वाईट की ती हसून खाली बसली. लग्नात दोघांच्या डोक्यावरचे मुकुट स्ट्राटोसनं अदलाबदल केले, आणि त्या दिवसापासून तो आणि मिस्टर एकमेकांना कुंबारे म्हणू लागले. तिथे हे नातं भावापेक्षा कमी नाही. मूल झालं नाही. घरात बोलायला ती होती, आणि तिच्याशिवाय त्याला कोणाशी बोलायची फारशी गरजही पडली नाही. ही चूक पुढे कळली.

शिकवायचं तर त्याला एकच गोष्ट येत होती: चेंडू जमिनीवर ठेवा. सरपटता, आखूड, पायातून पायात. पण त्या माळावर चेंडू दगडावर आपटून कुठेही उडे. मग त्यानं गवत लावायचं ठरवलं. ज्या गावात बकरीला गवत नाही तिथे. बियाणं एका जहाजाच्या आचाऱ्याकरवी मागवलं, दगड वेचले, जुन्या टाकीतून पाणी वाहिलं. तिसऱ्या वसंतात मैदान हिरवं झालं. रविवारी लोक सामन्याआधी नुसतं बघायला येऊ लागले. बाया पोरांना लोळायला आणत. एका पहाटे कोणी नसताना एवांथिया चपला काढून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली आणि म्हणाली, "थंड आहे रे." बस, एवढंच.

थिएला वरच्या विभागात गेली. मिस्टरला खांद्यावरून बंदरापर्यंत नेलं. पुढच्या हंगामात थिएला घरी एकही सामना हरली नाही आणि बाहेर एकही जिंकली नाही. साऱ्या उत्तर ग्रीसमध्ये मैदानं मातीची. गवतावर शिकलेली पोरं दगडावर घसरत, चेंडू त्यांच्या पायातून उडून जाई.

"कुंबारे," स्ट्राटोस म्हणाला, "आपली पोरं गालिच्यावर वाढवलीस. दारातून बाहेर पडली की पाय भाजतात त्यांचे. निम्मं मैदान उकरू या. सरावाला."

"गवत उकरायचं नाही."

"अरे, मग हरू!"

"हरू."

हरले. खाली आले. समितीनं त्याला शिकवण्यावरून काढलं, पण मैदान सांभाळायला ठेवलं, कारण दुसऱ्या कोणाला ते जमत नव्हतं. नवा शिक्षक आला, गेला, दुसरा आला. पोरं मिस्टरला वाकून नमस्कार करीत आणि त्याचं काही ऐकत नसत. मग एका कोरड्या उन्हाळ्यात समितीनं पाणी बंद केलं. एका ऑगस्टात सगळं जळालं. मिस्टर रोज जाऊन बघत असे. कर्नलांची लष्करी राजवट कोसळली त्या वर्षी, शरदात, एवांथिया आठवडाभर तापानं पडली आणि गेली. पाण्याचे डबे दारात रिकामे पडून होते. ते उचलून तो टेकडीवर गेला.

आता ती जागाही जाणार होती. तो नगरपालिकेत अर्गिरिसकडे गेला. अर्गिरिस एके काळी थिएलाच्या उजव्या बाजूनं वाऱ्यासारखा पळायचा; आता त्याचं पोट टेबलाला लागत होतं.

"बसा, मिस्टर. कॉफी मध्यम गोड, बरोबर ना? बघा, विसरलो नाही."

मिस्टरनं काय हवं ते सांगितलं. कायमची जागा. तिची तिथेच. मग केव्हातरी त्याचीही तिथेच.

अर्गिरिस बराच वेळ कॉफीतला गाळ फिरवत बसला.

"माझ्या बापाला गेल्या वर्षी मी माझ्या हातांनी काढला," तो म्हणाला. "टेकडी भरली हो. कायमच्या जागा आहेत त्या जुन्या तंबाखूवाल्या घराण्यांच्या, त्याही ते आपसात कोर्टात भांडून वाटून घेतायत. मिस्टर, तुमच्यासाठी काय करणार नाही? रस्त्याला तुमचं नाव देतो. मैदानाला देतो. फलक लावतो. ते मागा. माती मागू नका."

"मला फलक नको, अर्गिरिस."

"तेच तर अवघड आहे तुमचं. जे आहे ते तुम्हाला कधी हवंच नसतं."

हे तो रागानं बोलला नाही. जुन्या माणसाशी बोलावं तसा बोलला, आणि दारापर्यंत पोचवायला आला.

सप्टेंबरातली ती सकाळ निरभ्र होती. पापा-अनेस्तिस पोथी आणि धूपदाणी घेऊन आले. पोलिक्सेनीनं दारूची बाटली, पांढरं कापड, नवी पेटी आणली. साखर-डाळिंब घातलेला उकडलेला गहू आणला. ओट्यावरच्या बायका गोळा झाल्या. स्ट्राटोसनं मिस्टरचा दंड धरला.

"कुंबारे, मागे उभा राहा. आपल्या बायकोचं बघवत नाही."

खणणाऱ्यानं गवताचे चौकोनी तुकडे काढून बाजूला रचले. मुळं लांब होती, घट्ट. खालची माती सोडत नव्हती. मग फावडं खाली गेलं. काही वेळ सगळ्यांना फक्त त्याचा आवाज येत होता. मग तो आवाज बदलला. बोथट झाला. वर येणारी माती काळी होती, फावड्याला चिकटत होती, आणि वास आला.

खणणारा थांबला. त्यानं वर पाहिलं नाही.

"झाली नाही," तो म्हणाला.

बायकांनी क्रुसाची खूण केली. कोणीतरी नाकाला रुमाल लावला. पोलिक्सेनी खड्ड्याच्या काठाशी उभी होती, हातात कापड तसंच उलगडलेलं.

"झाली नाही म्हणजे?"

उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. माती ज्याला विरघळवत नाही त्याच्यावर काहीतरी असतं. पाप असतं, नाहीतर कोणाचा तरी शाप.

"मूलबाळ नव्हतं बिचारीला," मागून एक आवाज आला.

"आईच्या मनाविरुद्ध लग्न केलेलं ना."

"शांत घरातच काय काय असतं, बाई."

पोलिक्सेनीचा चेहरा राखेसारखा झाला. ती पापा-अनेस्तिसकडे वळली. "वाचा. क्षमेची प्रार्थना वाचा तिच्यावर. मोठी. वाचा!"

धर्मगुरूंनी पोथी उघडली. ती प्रार्थना वाचली गेली की गावाच्या तोंडात एवांथिया कायमची पापी होणार होती. हे मिस्टरला कोणी सांगायची गरज नव्हती. पंचवीस वर्षं तो या लोकांत राहिला होता.

"वाचू नका," तो म्हणाला.

स्ट्राटोसचा हात सोडवून तो पुढे आला आणि ढिगाऱ्याशी गुडघे टेकले. मूठभर माती घेतली. मैदानाची माती तो अशीच घ्यायचा, मुठीत दाबून. त्यानं दाबली. बोटांच्या फटीतून पाणी निघालं आणि मनगटावरून बाहीत गेलं.

"हे बघा," तो म्हणाला. त्याची ग्रीक नेहमीच तुटकी, त्या दिवशी आणखीच. "पाणी. मी घातलं. सकाळी, संध्याकाळी. खाली चिकणमाती आहे, पाणी जात नाही, साचतं. तिचं काही नाही. पाप नाही. ती नाही, मी." मग थांबून, खाली बघत: "मला ती इथेच हवी होती."

धूपदाणीची साखळी वाजली.

"तरीच!" गारिफालिया म्हणाली. "तरीच आमच्या नळाला कधी धार नसायची!"

कोणीतरी हसलं आणि घाबरून गप्प झालं. पोलिक्सेनीनं हातातलं कापड मिस्टरच्या अंगावर फेकलं.

"भिजत घातलीस! माझी बहीण हरभऱ्यासारखी भिजत घातलीस तू! तीन वर्षं! आणि वर कात्रीनं कापत बसायचास!"

"हो," मिस्टर म्हणाला.

पापा-अनेस्तिस खाली वाकले. त्यांनीही मातीची मूठ घेतली, दाबली, हात झग्याला पुसला आणि पोथी मिटली. "झाका," ते म्हणाले. "आणखी दोन वर्षं. पाण्याचा थेंब नको. बायांनो, ऐकलंत ना? पाणी होतं. घरोघरी हेच सांगा."

बायकांनी सांगितलं. संध्याकाळपर्यंत सारं गाव इंग्रजाला हसत होतं, आणि एवांथियाला कोणी काही म्हणत नव्हतं.

पोलिक्सेनीनं त्याच्याशी बोलणं टाकलं. दुसऱ्या दिवशी तो रिकाम्या हातानं टेकडीवर गेला. गवताचे तुकडे परत मातीवर ठेवलेले होते, वाकडेतिकडे. ते पिवळे पडायला लागले होते. तो शेजारी उभा राहिला. हातांचं काय करावं कळत नव्हतं.

"बसा की," ओट्यावरून फोतिनी म्हणाली. तिचा मुलगा समुद्रात बुडून गेला होता आणि ती सहसा कोणाशी बोलत नसे. तिनं आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली. "उभं राहिल्यानं ती लवकर निघणार आहे का?"

तो बसला.

अशी दोन वर्षं गेली. तो ओट्यावर बायकांच्या ओळीत बसू लागला. आधी नुसता ऐकायचा. मग कोणाच्या गुडघ्यावर काय बांधावं ते सांगू लागला. गुडघ्यांचं त्याला कळायचं. कधी लँकेशायरचं सांगे, गिरणीचा भोंगा, रस्त्यावर लाकडी तळव्यांचे बूट वाजत जायचे ते. फोतिनीनं मुलाचं सगळं सांगितलं, तुकड्यातुकड्यानं, त्याला पोहता येत नव्हतं इथपर्यंत. हे तिनं पूर्वी कोणाला सांगितलं नव्हतं. गारिफालिया रोज त्याचे हात उलटेपालटे करून बघायची.

"ओले नाहीत ना? बघू. कोरडे. शाबास, मिस्टर."

पाऊस आला की तो वखारीतलं मेणकापड घेऊन धावत वर यायचा आणि थडग्यावर ताणून चारही कोपऱ्यांवर दगड ठेवायचा. बायका छत्रीखालून हसून लोटपोट. "जिवंतपणी एवढं जपलं असतंत तर अजून बसली असती ती घरात!" तोही हसायचा. हसताना त्याला जाणवायचं, एवांथिया गेल्यानंतर एवढी माणसं आपल्याभोवती कधीच नव्हती. आणि त्याची त्याला लाज वाटायची.

गवत मेलं. मुळं वाळली, माती भुसभुशीत झाली, तिच्यावर भेगा पडल्या.

दुसऱ्या वेळी फावड्याचा आवाज कोरडा होता, खसखस. पोलिक्सेनी काठाशी गुडघ्यांवर बसली होती. खणणाऱ्यानं आधी कवटी वर दिली. पिवळी होती, मेणासारखी. पोलिक्सेनीनं ती छातीशी धरली, कपाळाच्या जागी मुका घेतला. "आलीस का गं," ती म्हणाली. "बघा, बायांनो. डोळे उघडून बघा. सोनं आहे सोनं!"

बायकांनी बघितलं. एकेकीनं मुका घेतला.

मग पोलिक्सेनीनं दारूचं भांडं मिस्टरपुढे सरकवलं. दोन वर्षांत पहिल्यांदा ती त्याच्याशी बोलली.

"धू. बघत काय बसलायस?"

तो धूत गेला. एकेक हाड हातात इतकं हलकं लागतं हे त्याला माहीत नव्हतं. पायांची लहान लहान हाडं आली तेव्हा त्याचे हात थांबले. आयुष्यभर तो माणसांच्या पायांकडेच बघत आला होता, पण हे पाय त्यानं असे कधी पाहिले नव्हते. त्यानं ती कापडावर जशीच्या तशी मांडली: टाच, घोटा, बोटं. डावा, उजवा. पोलिक्सेनी थांबून राहिली. तिनं घाई केली नाही.

पेटी फळीवर गेली. सगळ्यांनी गहू खाल्ला. पोलिक्सेनीनं डोक्यावरचा काळा रुमाल सोडून पिशवीत टाकला; पाच वर्षांचे पांढरे केस उन्हात आले. जाताना तिनं मिस्टरच्या गालावर दोनदा थोपटलं. "सुटलो आपण," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिस्टर टेकडीवर गेला. बायका ओट्यावर होत्या. एवांथियाच्या जागी खड्डा साफ करून, काठ सरळ कापून ठेवला होता. खालच्या आळीतल्या कोणाचं तरी उद्या दफन होतं.

"मिस्टर?" गारिफालियानं वर पाहिलं. "काही विसरलात का?"

"नाही."

"मग?"

त्यानं टोपी काढून हातात घेतली. गारिफालिया हसली. त्या हसण्यात थोडा हेवा होता. "अहो, सुटलात तुम्ही. स्वच्छ निघाली, फळीवर गेली. आता कशाला ही चढण? माझं अजून वर्ष आहे, माझं विचारा."

"थोडा वेळ बसू?"

"बसा की. ओटा काय माझ्या बापाचा आहे?" ती म्हणाली, आणि मग खरंच न कळून विचारलं, "पण कोणासाठी बसणार?"

फोतिनी दिव्यात तेल ओतत होती. तिचं लक्ष वातीकडे होतं. बायकांचं बोलणं पुन्हा सुरू झालं, कोणाच्या तरी भाचीचं लग्न ठरत होतं. मिस्टर जरा वेळ उभा राहिला. मग टोपी घातली आणि फाटकातून बाहेर पडला.

उतारावर कॉफीच्या दुकानात स्ट्राटोस पत्ते पिसत बसला होता. "कुंबारे! ये, चौथा हवाय."

"उद्या," मिस्टर म्हणाला.

तो चालत राहिला. खाली समुद्रावर ऊन अजून पिवळं होतं. रस्त्याच्या वळणाशी आल्यावर त्याच्या लक्षात आलं, संध्याकाळ अजून बरीच उरली आहे.